लेझर की आरएफ? त्याआधी आईंच्या डॉप्लरचा कागद पुरा करून घ्या

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काही चुकीचं समजलो असेन तर तुमच्या लक्षात येईल. आई ५२ वर्षांच्या. केज तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहार शिजवतात, म्हणजे रोजचे पाच-सहा तास शेगडीपुढे उभ्या. उजव्या पायाच्या शिरा मांडीपासून पोटरीपर्यंत फुगल्यात (व्हेरिकोज व्हेन्स), संध्याकाळी पाय भरून येतो, रात्री गोळे येतात आणि घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळी पडून तिथे खाज सुटते. लातूरच्या डॉक्टरांनी लेझर सांगितलं, खर्च ४५ हजार. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी ‘लेझर आता जुनं झालं, आरएफ करा’ म्हणत ७० हजार सांगितले. आरएफ म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी; दोन्हींत शीर आतून उष्णता देऊन बंद करतात. मामांचं म्हणणं तिसरंच: जाळलेली शीर परत उगवते, ती ओढून काढलेली बरी. आणि तुम्हाला हवंय ते असं की दोन्हींतलं चांगलं कोणतं आणि पुन्हा होणार नाही असं कोणतं.

मी नांदेडला रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया करतो. लेझर आणि आरएफ दोन्ही वापरतो, त्यामुळे एकाची बाजू लावून धरण्यात माझा काही फायदा नाही. छोटं उत्तर हवं असेल तर ते असं: मांडीतली मुख्य शीर सरळ असेल, तर आजच्या चांगल्या लेझरच्या आणि आरएफच्या वर्षभरानंतरच्या निकालात आईंना जाणवेल असा फरक नसतो. २५ हजारांचा तर नक्कीच नसतो. पहिल्या आठवड्यातल्या दुखण्यात थोडा फरक पडतो, तोसुद्धा लेझर कोणत्या प्रकारचं आहे यावर. अर्थात मी आईंचा पाय पाहिलेला नाही, त्यामुळे पुढचं सगळं वाचताना ही मर्यादा धरून चाला.

दोन डॉक्टरांनी दोन यंत्रांची नावं सांगितली, म्हणून तुमचा प्रश्न यंत्रांचा झाला. पण डॉप्लरच्या, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीच्या, कागदावरची म्हणून तुम्ही जी ओळ लिहिली आहे ती एवढीच आहे: ‘एसएफजे इनकॉम्पिटंट, जीएसव्ही डायलेटेड.’ म्हणजे जांघेतल्या जोडाची झडप निकामी, मांडीतली लांब शीर फुगलेली. डॉक्टरांनी स्वतः प्रोब (सोनोग्राफीचं पायावर फिरवायचं टोक) हातात घेऊन पाहिलं असेल तर गोष्ट वेगळी, पण कागदावर ते उतरलेलं नाही. एवढ्या एका ओळीवरून यंत्र ठरवणं म्हणजे अंदाज बांधणं आहे. हा अंदाज का पुरत नाही ते समजायला आजार काय आहे हे आधी बघू.

पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना ते आवळले की रक्त वर चढतं आणि शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. विहिरीवरच्या मोटरीचा फुटव्हॉल्व्ह गळका झाला की मोटर बंद होताच पाइपातलं पाणी सगळं परत विहिरीत उतरतं, तेच इथे होतं. एसएफजे म्हणजे जांघेतला तो जोड, जिथे मांडीच्या आतून येणारी लांब वरवरची शीर (जीएसव्ही) खोल शिरेला मिळते. तिथली झडप गेली की जांघेपासून घोट्यापर्यंत रक्ताचा उभा स्तंभ दाब देत राहतो. पोटरीवर ज्या वेड्यावाकड्या शिरा दिसतात त्या या दाबाने फुगलेल्या फांद्या असतात. खोड, म्हणजे मुख्य शीर, बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतच नाही. घोट्याजवळ दाब सगळ्यांत जास्त, म्हणून तिथे रक्तातल्या लोहाचा अंश कातडीत साचून ती काळी पडते, खाजते, पुढे कडक होते आणि एखाद्या दिवशी फुटते.

आम्ही या आजाराचे सी-० ते सी-६ असे टप्पे धरतो. नुसत्या फुगलेल्या शिरा सी-२, सूज आली की सी-३, कातडी बदलली की सी-४, जखम होऊन भरून आली असेल तर सी-५, उघडी जखम सी-६. तुमच्या वर्णनावरून आईंचा पाय सी-४ मध्ये आहे. म्हणजे हा दिसण्याचा प्रश्न राहिलेला नाही, उपचार करायला हवाच. जखम झाल्यावरचं सांगतो. ब्रिटनमध्ये अशा जखमा असलेल्या ४५० रुग्णांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पट्ट्या बांधण्यासोबत शीर लवकर बंद केलेल्या गटात निम्म्या रुग्णांची जखम ५६ दिवसांत भरली, आणि आधी पट्ट्या, शीर नंतर बघू, असं केलेल्या गटात ८२ दिवसांत. आपल्याकडे दोन-दोन वर्षं हळद आणि मलम लावत जखम वागवणारी माणसं मला दर आठवड्याला भेटतात. आईंना तिथपर्यंत जाऊ द्यायचं नाही.

आता डॉप्लर. ही तपासणी रुग्णाला उभं करून व्हायला हवी, कारण गळती उभ्या पायातच नीट दिसते. पोटरी दाबून सोडली की रक्त उलटं किती वेळ वाहतं ते मोजतात. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त असेल तर झडप निकामी धरतात. कागदावर मला हे हवं असतं: मुख्य शिरेचा व्यास किती, गळती कुठून सुरू होऊन कुठपर्यंत जाते, शीर कातडीपासून किती खोल आहे, मध्ये कुठे नागमोडी होते का, पोटरीच्या मागची छोटी शीर (एसएसव्ही) ठीक आहे का, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे आतल्या खोल शिरा मोकळ्या आहेत का. हे नीट पाहायला एका पायाला वीसेक मिनिटं सहज लागतात. आडवं झोपवून, चार ठिकाणी प्रोब टेकवून पाच मिनिटांत उरकली असेल तर ती तपासणी पुन्हा करा. शक्यतो जो डॉक्टर उपचार करणार आहे त्याने स्वतः प्रोब धरून पाहावं, आणि तुम्ही शेजारी उभं राहून ‘गळती कुठून कुठे आहे ते दाखवा’ म्हणावं. जो दाखवू शकतो त्याच्याकडे जा. माझ्या मते डॉक्टर निवडायची याहून चांगली परीक्षा नाही.

खोल शिरांचा मुद्दा पुढे केला कारण ओपीडीत रोज कोणी ना कोणी विचारतं, ‘साहेब, नस जाळल्यावर रगत जायचं कुठून?’ प्रश्न एकदम रास्त आहे. पायातलं सुमारे ९० टक्के रक्त खोल शिरांतूनच वर जातं. गळकी वरवरची शीर रक्त वर नेत नाही, उलट खाली आणते, म्हणून ती बंद केल्याने फायदाच होतो. पण आधी कधी खोल शिरेत रक्ताची गाठ होऊन ती बुजलेली असेल, तर हीच वरवरची शीर पर्यायी वाट झालेली असू शकते. तेव्हा ती बंद करण्याआधी दहा वेळा विचार करावा लागतो. आणखी एक शंका हमखास येते: पुढे हृदयाची बायपास लागली तर हीच शीर वापरतात ना? वापरतात, पण निरोगी असली तर. फुगून वेडीवाकडी झालेली शीर बहुधा त्या कामाची राहिलेली नसते.

उपचाराकडे येऊ. लेझर असो की आरएफ, दोन्हींचे टप्पे जवळजवळ सारखेच आहेत. गुडघ्याच्या आसपास सोनोग्राफीत पाहत सुईने शिरेत शिरायचं, बारीक नळी वर सरकवायची आणि तिचं टोक जांघेच्या जोडापासून साधारण २ सेंटिमीटर अलीकडे थांबवायचं. मग शिरेच्या भोवतीने थंड सलाईन सोडायचं, त्यात भुलेचं औषध अगदी पातळ करून मिसळलेलं असतं. मग आतून उष्णता देत नळी खाली ओढत आणायची. शिरेची भिंत आकसते, आतली पोकळी मिटते, आणि पुढच्या काही महिन्यांत शरीर ती शीर हळूहळू जिरवून टाकतं. चिरा नाही, टाका नाही, बहुतेक जण त्याच दिवशी चालत घरी जातात. फरक आहे तो उष्णता कशी दिली जाते यात.

आरएफमध्ये नळीच्या टोकाशी ७ सेंटिमीटरचा तापणारा भाग असतो. तो १२० अंश सेल्सिअसला २० सेकंद तापतो, मग नळी तेवढी खाली ओढायची आणि पुढचा तुकडा तापवायचा. जांघेजवळच्या पहिल्या तुकड्याला दोनदा उष्णता देतात. तापमान यंत्र स्वतः मोजतं आणि लागेल तशी शक्ती कमीजास्त करतं. म्हणून यात करणाऱ्याच्या हाताला चुकायला जागा कमी राहते. बाहेरून नीट दाब नसेल, शिरेत रक्त शिल्लक असेल, तर तापमान गाठायला यंत्राला जास्त शक्ती लावावी लागते. ते पडद्यावर दिसतं आणि दुरुस्त करता येतं.

लेझरमध्ये शिरेत काचेचा बारीक फायबर असतो आणि प्रकाश उष्णतेत बदलतो. इथे किती वॅट लावले आणि किती वेगाने ओढलं यावर दर सेंटिमीटरला किती ज्यूल ऊर्जा मिळाली ते ठरतं. ओढायचा वेग बहुतेक ठिकाणी डॉक्टरच्या हातात असतो. वेग जास्त झाला तर शीर अर्धवट बंद होते, कमी झाला तर भाजते. शिवाय ‘लेझर’ या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. जुनी यंत्रं ८१०, ९४० किंवा ९८० नॅनोमीटरची. त्यांचा प्रकाश मुख्यतः रक्तातलं हिमोग्लोबिन शोषतं, आणि फायबरचं टोक उघडं असल्यामुळे एकाच जागी प्रचंड उष्णता होऊन भिंतीला बारीक छिद्रं पडतात. त्यातून रक्त झिरपलं की मांडी काळीनिळी होते आणि दुखते. नव्या यंत्रात १४७० नॅनोमीटरचा प्रकाश असतो. तो शिरेच्या भिंतीतलं पाणी शोषून घेतं, म्हणून कमी ऊर्जेत काम होतं. त्याला रेडियल फायबर जोडला की प्रकाश पुढे न जाता गोलाकार चहूबाजूंनी पसरतो, भिंत सारखी तापते आणि छिद्रं पडायचं प्रमाण बरंच घटतं.

म्हणून ‘लेझर जुनं झालं’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. ९८० चं उघड्या टोकाचं लेझर जुनं झालं, हे मला मान्य. १४७० चं रेडियल फायबर असलेलं लेझर अजिबात जुनं नाही. लातूरच्या डॉक्टरांना फोन करून दोनच गोष्टी विचारा: किती नॅनोमीटर आणि फायबर कोणता. उत्तर सरळ आलं तर निम्मं काम झालं.

अभ्यास काय सांगतात तेही थोडं बघू. आरएफ आणि ९८० नॅनोमीटरचं लेझर यांची समोरासमोर तुलना झाली तेव्हा पहिल्या एक-दोन आठवड्यांत आरएफवाल्यांना दुखणं आणि काळेनिळे डाग कमी होते. डेन्मार्कमध्ये ५०० रुग्णांवर चार पद्धतींची तुलना झाली, निकाल २०११ चे: लेझर, आरएफ, फोमचं (शीर बंद करणाऱ्या फेसाळ औषधाचं) इंजेक्शन आणि शीर ओढून काढणं. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर वेदना सरासरी लेझरला २.५८, आरएफला १.२१. शीर ओढून काढलेल्यांना २.२५, म्हणजे त्या लेझरइतकंच. आरएफवाले कामावरही थोडे लवकर परतले. पण वर्षाने मुख्य शीर पुन्हा उघडून गळत असल्याचं प्रमाण लेझर, आरएफ आणि ओढून काढणं या तिन्हींत ५ टक्क्यांच्या आसपास, जवळपास सारखंच. फोममध्ये मात्र १६ टक्के. यावरून मी काढलेला अर्थ असा की तुलना खरी होते ती पहिल्या काही दिवसांच्या त्रासाची. शीर बंद राहण्याच्या बाबतीत दोन्ही उष्णता तुल्यबळ आहेत. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३ मध्ये जो क्रम ठरवून दिला त्यातही उष्णतेची पद्धत पहिली, ती शक्य नसेल तर फोम, तेही जमत नसेल तर शस्त्रक्रिया असा क्रम आहे. लेझर की आरएफ, यात त्यांनी डावं-उजवं केलेलं नाही.

वाफेने आणि मायक्रोवेव्हनेही शीर बंद करतात. तत्त्व तेच. आपल्या भागात त्यांच्या मागे धावायचं काही कारण मला दिसत नाही.

मग मी कुणाला काय करतो? मांडीतली मुख्य शीर सरळ, लांब, कातडीपासून पुरेशी खोल आणि मध्यम जाडीची असेल तर मी आरएफकडे झुकतो, कारण दुसऱ्या दिवशी दुखण्याचे फोन कमी येतात. शीर फारच जाड असेल, गळणारा तुकडा आखूड असेल, किंवा आधीच्या ऑपरेशननंतर उरलेला एखादा वाकडा भाग बंद करायचा असेल, तर लेझरचा बारीक फायबर मला सोयीचा पडतो. ऊर्जा जागेनुसार कमीजास्त करता येते. शीर इतकी नागमोडी असेल की नळी वरच जात नाही, तर दोन्ही बाजूला ठेवून फोम किंवा छोट्या चिऱ्यांचा विचार करावा लागतो. कुणी जर शीर न पाहताच ‘आमच्याकडे सगळ्यांना हेच करतात’ म्हणालं, तर त्यांच्याकडे एकच यंत्र आहे असं समजा. त्यात फसवणूक असतेच असं नाही. मोठी गुंतवणूक आहे, तालुक्या-जिल्ह्याच्या ठिकाणी दोन्ही ठेवणं परवडत नाही. फक्त तुमच्या ते लक्षात असावं.

यंत्रापेक्षा ज्या गोष्टीवर मी जास्त वेळ घालवतो ती म्हणजे शिरेभोवतीचं सलाईन. ते तीन कामं करतं: भूल देतं, शीर बाहेरून दाबून नळीला चिकटवतं, आणि उष्णता कातडीपर्यंत व नसांपर्यंत पोचू देत नाही. इथे नसा म्हणजे संवेदनेच्या, लोक शिरांना म्हणतात त्या नव्हेत. कातडी आणि शीर यांच्यात निदान १ सेंटिमीटर अंतर पडेल इतकं सलाईन सोडायचं, तेही सोनोग्राफीत पाहत, इंच-इंच पुढे जात. हे काम कंटाळवाणं आहे आणि घाईत असलेला माणूस इथेच वेळ वाचवतो. कातडी भाजणं, पायाला बधिरपणा येणं, शीर अर्धवट बंद होणं, यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथे सापडतं.

आपल्याकडे अनेक ठिकाणी ही प्रक्रिया कमरेत इंजेक्शन देऊन करतात. रुग्णाला बरं वाटतं, डॉक्टरलाही निवांत. मला ते शक्यतो टाळावंसं वाटतं. पाय बधिर असला की रुग्ण लगेच उठून चालू शकत नाही, आणि या उपचारानंतर लगेच चालणं हाच गाठ टाळण्याचा सोपा मार्ग आहे. शिवाय गुडघ्याच्या खाली संवेदनेची नस शिरेला अगदी चिकटून जाते. रुग्ण जागा असेल, पाय जिवंत असेल, तर ‘इथं चटका बसतोय’ असं तो सांगतो आणि आपण थांबतो. पोटरीच्या मागच्या छोट्या शिरेला तर हे दुप्पट लागू आहे. एखादी बाई फार घाबरत असेल किंवा दोन्ही पाय एकदम करायचे असतील, तर कमरेची भूल चुकीची म्हणणार नाही. पण तेव्हाही थंड सलाईन भरपूर सोडायलाच हवं. ‘कमरेत इंजेक्शन आहे, आता सलाईन कशाला’ हा विचार धोक्याचा आहे.

आता फांद्या. मुख्य शीर बंद केली म्हणजे पोटरीवरच्या फुगीर शिरा लगेच गेल्या असं होत नाही. काही आपोआप बारीक होतात, मोठ्या राहतात. त्या त्याच बैठकीत दोन-तीन मिलिमीटरच्या छिद्रांतून काढता येतात, नाहीतर नंतर फोमने बंद करता येतात. दोन्ही मार्ग मान्य आहेत. पण ४५ हजारांत आणि ७० हजारांत हे धरलं आहे की नाही, ते विचारलंत का? पुष्कळदा दरातला फरक इथेच निघतो. एकाने फक्त खोड धरलेलं असतं, दुसऱ्याने फांद्या, स्टॉकिंग (पायावर दाब देणारा घट्ट मोजा) आणि नंतरची डॉप्लरसुद्धा. आरएफची नळी महाग असते आणि ती एकाच रुग्णासाठी बनवलेली आहे. बिलातला मोठा वाटा तिचा. काही ठिकाणी ती निर्जंतुक करून पुन्हा वापरली जाते. तेव्हा नवं पाकीट तुमच्यासमोर फोडा आणि त्यावरचं स्टिकर केसपेपरला लावा, असं सांगायला संकोच करू नका. हेच लेझरच्या फायबरलाही लागू.

पैशांची अडचण असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारा की व्हेरिकोजसाठी कोणती पद्धत पॅकेजमध्ये बसते. तुम्हाला जवळ अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय आहे, संभाजीनगरला घाटी आहे. तिथल्या सर्जरी ओपीडीत सध्या काय चालू आहे ते एकदा पाहून या. खाजगी विमा असेल तर घोट्याच्या काळ्या कातडीचा फोटो आणि ‘सी-४’ असं लिहिलेला डॉक्टरांचा कागद जोडा, म्हणजे ‘हे सौंदर्यासाठी आहे’ म्हणून दावा नाकारणं त्यांना जड जाईल.

मामांचं म्हणणं मोडीत काढायचं नाही. शीर ओढून काढणं ही जुनी आणि चांगली शस्त्रक्रिया आहे, वर्षाचे आकडे वर दिलेच. तिच्यात भूल मोठी, दुखणं आणि रजा आरएफपेक्षा जास्त, एवढंच. उष्णतेची सोय नसलेल्या सरकारी रुग्णालयात ती चांगल्या हातांनी झाली तर मी नाही म्हणणार नाही. पण ‘ओढून काढलेली परत येत नाही’ हे खरं नाही. डेन्मार्कमधल्याच दुसऱ्या एका अभ्यासात लेझर आणि ओढून काढणं यांची ५ वर्षांनी तुलना केली, तेव्हा दोन्ही गटांत साधारण निम्म्या पायांवर पुन्हा कुठे ना कुठे फुगीर शिरा दिसत होत्या. कधी बंद केलेली शीर उघडते, कधी जांघेत नव्या बारीक शिरा तयार होतात, कधी आधी चांगली असलेली दुसरीच शीर गळू लागते. शिरांच्या भिंती नाजूक असण्याचा कल शरीरातच असतो आणि तो कोणत्याही यंत्राने जात नाही. म्हणून ‘कायमचा इलाज, गॅरंटीसह’ असा फलक दिसला तर पुढे चालू लागा. ‘पुन्हा काही दिसलं तर छोट्या उपायात सांभाळता येईल’ असं सांगणारा डॉक्टर खरं बोलतोय.

चिकटवणाऱ्या द्रवाने, म्हणजे ग्लूने शीर बंद करायचंही तुम्ही ऐकलं असेल. त्यात उष्णता नाही, सलाईनच्या टोचण्या नाहीत, नस भाजायची भीती नाही. पण महाग आहे, पदार्थ कायम शरीरात राहतो आणि काहींना शिरेवर लालसर, खाजरी ॲलर्जी येते. आईंची कातडी आधीच खाजते, त्यामुळे त्यांच्यासाठी माझी पहिली पसंती ती नसेल.

धोके सांगायला हवेत. खोल शिरेत गाठ होण्याचा धोका १ टक्क्याहून कमी आहे, पण शून्य नाही. म्हणून साधारण आठवड्याने पुन्हा डॉप्लर करतात आणि जांघेच्या जोडाशी गाठ पुढे सरकली नाही ना ते पाहतात. इथे केजहून लातूर जवळ आणि संभाजीनगर चार तासांवर, हा मुद्दा यंत्राच्या मुद्द्याइतकाच वजनदार आहे. दुसऱ्या दिवशी पोटरी सुजली, दम लागला तर तुम्ही कुणाकडे पोचू शकाल? मांडीच्या आतून ताणल्यासारखं, दोर ओढल्यासारखं दुखणं मात्र नेहमीचं आहे. ते बहुधा आठवड्याच्या आसपास जाणवतं आणि वेदनाशामक गोळ्यांनी निभावतं. उपचारानंतर पहिले काही दिवस एसटीचा लांबचा प्रवास टाळा, रोज चालत राहा, दिवसभर अंथरुणात पडून राहणं नको.

स्टॉकिंगबद्दल दोन गोष्टी. पहिली, ते चढवण्याआधी पावलाच्या धमन्यांची नाडी तपासून घ्या, विशेषतः आईंना साखर असेल किंवा मिशरी-तंबाखूची सवय असेल तर. धमन्यांचा रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाला घट्ट मोजा घातला तर इजा होते. दुसरी, शीर बंद केल्यावर ते महिनोन्‌महिने घालायची गरज सहसा नसते. ‘नाइस’चा सल्ला घालायचं झालं तर जास्तीत जास्त ७ दिवसांचा आहे. फांद्याही काढल्या असतील तर मी थोडं वाढवतो. पाय हलका वाटायच्या गोळ्या मिळतात. त्यांनी जडपणा कमी होतो, झडप दुरुस्त होत नाही. तेलाने जोरात चोळणं मात्र बंद करा, कातडी पातळ झाली आहे.

तारीख ठरेपर्यंत आईंना उंच स्टूल द्या, निवडणं-चिरणं बसून होऊ दे, आणि उभं राहावंच लागलं तर मधूनमधून टाचा उचलून पोटरी हलवत राहायला सांगा. रात्री पायाखाली उशी. खाजवताना शीर फुटून रक्ताची धार लागली तर घाबरायचं नाही: लगेच आडवं झोपवा, पाय छातीपेक्षा वर उचला आणि स्वच्छ कापडाने त्याच जागी दहा-पंधरा मिनिटं दाबून धरा. वर दोरी किंवा रुमाल आवळून बांधू नका, त्याने रक्त वाढतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत थांबावं का, असंही तुम्ही विचारलंय. वैद्यकीय अडचण काही नाही, पण मे महिन्यात केजला ४२ अंशांत मांडीपर्यंतचं स्टॉकिंग घालून आठवडा काढणं काय असतं ते आईच सांगतील. शिवाय सी-४ चा पाय आहे, उगाच लांबवू नका. दिवाळीची सुट्टी धरा. तोवर उभं करून केलेली नवी डॉप्लर होऊ द्या, आणि तोच कागद लातूर आणि संभाजीनगर दोन्हीकडे दाखवा. शीर सरळ निघाली आणि लातूरला १४७० चं रेडियल फायबर असेल, तर मी माझ्या घरच्या माणसाला लातूरलाच पाठवलं असतं.